गवतपड

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की माणसे आधी सातचा भाग वाचतात. नाव कोणाचे, क्षेत्र किती, बोजा चढलाय का. खालचा बाराचा भाग, म्हणजे त्या जमिनीत काय पिकले ते, फारसे कोणी बघत नाही. आमच्या उताऱ्यात तिथे बघण्यासारखे काही नाहीच. वर्षानुवर्षे एकच शब्द आहे, गवतपड. भिवंडीतून वाडा रस्त्याला लागायचे, नदीनाक्यावर कामवारीचा पूल ओलांडायचा, शेलार मागे पडले की थोड्या अंतरावर एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर आमची साडेअठ्ठावीस गुंठे गवतपड आहे. पूर्वेला नाला, दक्षिणेला एका गोडाऊनची मागची भिंत, पश्चिमेला आणखी एक मोकळा तुकडा, ज्याचा मालक गावात कोणी पाहिलेला नाही, आणि उत्तरेला काकींचे घर.

काकी आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांचे सासरे आमच्या आजोबांचे कूळ. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारे मालक झाले तेव्हा खालची भातखाचरे त्यांच्याकडे गेली. ती जायलाच हवी होती, चिखलात पाय त्यांचे होते. आमच्याकडे उरला तो वरचा माळ. कोकणच्या महसुलात अशा जमिनीला वरकस म्हणतात. वरकस ऐकायला कमअस्सल वाटते, पण खालच्या भाताचे पोट या वरच्या माळावर भरायचे. भाताच्या रोपांची जागा भाजायच्या राबासाठी लागणारा पाला आणि कवळ तिथून यायचे, गुरांचे गवत तिथून यायचे. भातखाचर आणि वरकस ही एकाच घरातली दोन माणसे होती. कायद्याने त्यांची वाटणी झाली तरी काकींच्या सासऱ्यांची गुरे आमच्या माळावर चरत राहिली आणि आजोबांनी कधी त्यांना हटकले नाही.

आजोबांचे बिऱ्हाड भिवंडी गावात. पण गौरी-गणपती झाले की ते एकदा माळावर चक्कर मारून येत आणि आजीला सांगत, ‘यंदा गवत कमरेला लागतंय.’ ही बातमी घरात मोठ्या गोडीने ऐकली जाई, कारण दिवाळीचा किराणा त्या गवतावर यायचा. दसरा झाला की गवताचा ठेकेदार येई, धोतराचा सोगा सावरत माळाच्या चारी कडा चालून बघे आणि उक्ता सौदा ठरे. मग वाडीवरची कातकरी माणसे येत. पहाटे दहिवर अंगावर घेत कापायला सुरुवात करायची, उन्हे चढली की कापलेले पसरायचे, दोन दिवसांनी पेंढ्या बांधायच्या. बैलगाड्यांतून त्या वखारीत जात, तिथे दाबून गाठी होत आणि गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. मुंबईला ठाणे जिल्ह्याचे गवत लागणे ही जुनी गोष्ट आहे. १८७४ पासून १९०५ पर्यंत त्या शहरात ट्रामसुद्धा घोडे ओढत होते. आज पेट्रोल जसे कुठून येते याचा आपण विचार करत नाही, तसा त्या ट्राममध्ये बसणाऱ्याने गवताचा केला नसेल.

मार्गशीर्ष सरेपर्यंत माळ पार बोडका होई. आम्ही पोरे त्यावर अनवाणी पळायला गेलो की कापलेल्या गवताचे खुंट तळव्यांना टोचत. तो माळ कधी पेटल्याचे मला आठवत नाही. पेटायला उरतच काय होते?

या आठवणीतला गोडवा मी एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. कापणाऱ्याला काय मिळत होते हे आमच्या घरात कधी कोणी विचारले नाही. पुढे कॉलेजात असताना गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले तेव्हा कळले, की तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू-उंबरगावकडे, १९४५ साली वारल्यांनी याच गवतासाठी संप केला होता. मागणी काय, तर ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्या संपाच्या काळात १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गवताच्या दरासाठी माणसे मेली, इतके ते गवत मोलाचे होते. मोल होते, फक्त कापणाऱ्याच्या पदरात पडत नव्हते. आजोबांच्या माळावरचा दर काय होता, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.

मग गवताचे दिवस सरले. गुरे कमी झाली, वखारी बंद पडल्या. आणि मुंबईच्या जकातीच्या नाक्याबाहेर, पण मुंबईला खेटून, स्वस्त जमीन कुठे मिळते याचा शोध घेत व्यापारी भिवंडीत उतरले. राजनोली, माणकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, सोनाळे. जिथे जिथे भात होते तिथे पत्र्याची छपरे आली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, वाढलीच. आज माणूस घरबसल्या काही मागवतो तेव्हा ते खोके भिवंडीतून निघालेले असू शकते. या सगळ्यात जे शेत विकले गेले त्यावर गोडाऊन झाले, आणि जे विकले गेले नाही ते थांबून राहिले. कोणाचे वारसांचे भांडण, कोणाची बिनशेतीची फाइल अडकलेली, कोणाला आणखी भाव हवा. आमचे तिसऱ्या प्रकारातले, हे मी सरळ सांगते. आम्ही चौघे भावंडे गेली कित्येक वर्षे ‘बघू, रस्ता रुंद झाला की बघू’ असे म्हणत होतो. जमीन वाट बघत राहिली आणि वाट बघणाऱ्या जमिनीवर उगवायचे ते उगवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात, दुपारी अडीचच्या सुमाराला काकींच्या मुलाचा फोन आला. ‘ताई, तुमच्या प्लॉटला आग लागलीय.’ मी ठाण्यात राहते. कशेळीचा पूल, अंजूरफाटा, मग गावातली गर्दी, ट्रकांची रांग. पोचायला पावणेदोन तास लागले. तोवर सगळे आटोपले होते. माळ काळा, त्यावर घाणेरीच्या बुंध्यांतून धुराच्या बारीक दोऱ्या निघत होत्या आणि प्लास्टिक जळल्याचा उग्र, तोंडात चव उतरवणारा वास. गोडाऊनच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत काजळी चढली होती. भिंत विटांची होती म्हणून आतला माल वाचला. काकींची उडवी वाचली नाही.

दोन म्हशींना पावसाळा काढता यावा एवढा पेंढा त्यांनी घराच्या मागे, आमच्या हद्दीला लागून रचला होता. त्या उडवीच्या जागी राखेचे वर्तुळ होते आणि मधोमध खांब, अर्धा जळलेला. गावातल्या पोरांनी हंडे आणि ओल्या फांद्या घेऊन घर वाचवले होते. काकी पायरीवर बसल्या होत्या. मला काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या, तांब्या भरून आणला. मी पाणी पीत असताना माळाकडे बघत एवढेच म्हणाल्या, “पयलं गवात उरतच कुटं व्हतं, बाय?”

ठिणगी कुठली याच्या चार कहाण्या झाल्या. कोणी म्हणाले विडी, कोणी म्हणाले मागच्या बाजूला पॅकिंगचा कचरा पेटवला होता, कोणी पोरांचे नाव घेतले. माझा त्या तपासातला रस लवकर संपला. ठिणगी कोणाचीही असो, सरपण माझे होते. पेंढ्याचे पैसे मी दिले, काकींनी दोनदा नाही म्हणून घेतले. पण त्या दिवसांत पैसे देऊनही चांगला पेंढा मिळेना. मृगाच्या आधी त्यांनी एक म्हैस विकली. पैशाने भरून निघाले असे मी म्हणू शकत नाही, कारण दुसरी म्हैस आठवडाभर हंबरत होती आणि तो आवाज काकींच्या घरात रात्रभर येत होता.

त्यानंतर मी गवताकडे बघायला शिकले. पाऊस संपता संपता आमच्या माळावर काय काय उभे असते ते एकदा वही घेऊन लिहून काढले. सगळ्यात पुढे टाकळा, ज्याची कोवळी पाने श्रावणात आपण कौतुकाने भाजी म्हणून खातो आणि मग विसरून जातो. त्याच्यामागे आघाडा आणि कुरडू. मध्ये कुसळी गवत, ज्याची कुसळे साडीला धरून घरी येतात. गोडाऊनच्या कडेने गाजर गवत. नाल्याच्या बाजूला घाणेरीची जाळी, आणि तिच्या डोक्यावर चढलेली रानमोडी, जी बाहेरून आली आणि आता कोकणात कुठल्याही उघड्या जागेवर आधी हीच पोचते. घाणेरीच्या पानात तेल असते, म्हणून ती अर्धी हिरवी असतानाही पेट घेते, आणि गवताची आग तिच्या अंगावरून वर चढून झाडापर्यंत जाते. आमचा भोकर असाच गेला.

वाळलेल्या गवताला स्वतःचे ओलेपण नसते. हवेत जेवढा ओलावा तेवढाच त्याच्यात. पहाटे दव पडलेले असताना गवताची काडी पेटवून बघावी, ती नुसती धुमसते. तीच काडी दुपारी दोनला भुर्रकन जाते. ओंडका वाळायला महिने लागतात, पण काडी तासाभरात हवेच्या बरोबरीला येते. वर फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा, जो सकाळी जमिनीवरून पूर्वेकडून येतो आणि दुपारी खाडीकडून उलटा फिरतो. आग लागलेली असताना वारा फिरला की सकाळी ज्या बाजूला सुरक्षित वाटत होते तीच बाजू पेटते. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते आणि त्याच्या आधी जंगलात जाळरेषा काढून ठेवते. वसई आणि भिवंडीच्या मधल्या तुंगारेश्वरच्या डोंगरासाठी हे करायला एक खाते आहे. डोंगर उतरून गोदामांच्या मधल्या मोकळ्या तुकड्यांपाशी आलो की तिथे कोणतेच खाते नाही, आणि मोठी आग लागली तर ठाण्या-कल्याणहून बंब येईपर्यंत वाट बघायची. भिवंडीच्या गोदामांच्या आगीच्या बातम्या आपण इतक्या वाचल्यात की डोळा त्यांवरून पुढे सरकतो. आत धागा आहे, पुठ्ठा आहे, प्लास्टिक आहे, रसायने आहेत. त्यातल्या किती आगी बाहेरच्या गवताने आत नेल्या हे मी सांगू शकत नाही. आमच्या भिंतीवरची काजळी मात्र मी हात लावून पाहिली आहे.

या मुलखाला आगीची भीती माहीत नाही असे नाही. उलट आग कशी पाळायची हे इथल्या शेतकऱ्याइतके कोणाला माहीत? राब भाजणे हे काम बघितलेल्या माणसाला मी काय म्हणते ते कळेल. रोपे करायच्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर कवळ, त्यावर पाला आणि गवत, त्यावर बारीक मातीचा थर. चारी बाजूंनी जमीन झाडून साफ करायची, एक काडी ठेवायची नाही. वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, बसून जळते. हाताशी पाण्याचा हंडा आणि हिरवी फांदी. आणि पेटवणारा शेवटची वाफ विरेपर्यंत तिथून हलत नाही. इंग्रजांनी जंगलाचा पाला तोडायला बंदी घातली तेव्हा ठाण्या-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी राबासाठी एवढा आवाज उठवला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. राब हवा की नको यावर शेतीचे जाणकार आजही वाद घालतील. मला त्यातले हवे आहे ते एवढेच : आगीच्या भोवतीची साफ जमीन, आणि आगीजवळ उभा असलेला माणूस. मोकळ्या प्लॉटपाशी यातले एकही नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरचे लाहाइना गाव जळाले त्याची चित्रे सगळ्यांनी पाहिली. शंभरावर माणसे गेली. मी ती बातमी त्या वेळी नुसती वाचली होती, आमच्या आगीनंतर पुन्हा काढून वाचली. लाहाइनाच्या भोवती पूर्वी उसाचे मळे होते. तिथला साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, पुढे २०१६ पर्यंत त्या बेटावरचा ऊस पूर्णच संपला. मळ्यांची जमीन पडीक राहिली आणि तिच्यावर गिनी गवत माजले. तेच गिनी गवत, जे आपल्याकडे दुधाच्या धंद्यातले शेतकरी मुद्दाम लावतात, कापतात आणि म्हशीला घालतात. तिथे ते कोणाला घालायचे नव्हते. तुटलेल्या विजेच्या तारेने गवताला लावलेली सकाळची आग विझली असे वाटले होते, दुपारी सोसाट्याच्या वाऱ्यात तीच पुन्हा उठली. हजारो मैलांवरची जमीन, पण गोष्ट मला शेलारच्या पलीकडची वाटली : पीक गेले, कापणारे गेले, मालक राहिला, गवत वाढले.

कॅलिफोर्नियात रानालगतच्या घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळके गवत-झुडूप कमी करून ठेवणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथल्या बऱ्याच गावांत मोकळ्या प्लॉटच्या मालकाला उन्हाळ्याआधी नोटीस येते. त्याने ऐकले नाही तर सरकारी माणसे येऊन कापतात आणि खर्च त्याच्या मालमत्ता कराच्या बिलात चढतो. आपल्याकडेही महापालिका मोकळ्या भूखंडांच्या मालकांना नोटिसा धाडतात, पण त्या बहुतेक डासांच्या आणि तुंबलेल्या पाण्याच्या काळजीने. आगीची काळजी हवी असेल तर नोटीस दिवाळीला निघायला हवी. गवत तेव्हा पिवळे पडू लागलेले असते, बुडाशी अजून ओल असते, आणि कापणारा उन्हाने हैराण होत नाही. ग्रामसभेत एक ठराव, तलाठ्याकडून मालकांची यादी, आणि नाही कापले तर ग्रामपंचायतीने कापून घरपट्टीसारखी वसुली. मला हे होण्यासारखे वाटते आणि व्हावे असे मनापासून वाटते.

नोटीस यायची वाट न बघता त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही साफसफाई काढली. आधी ग्रास कटरवाला आणला. खांद्याला पट्टा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पात्याचा वेग. दहा मिनिटांत पाते गवतात दडलेल्या दगडाला लागले आणि मला स्पष्ट दिसली, नारिंगी ठिणगी. मी त्याला थांबवले. पाते काढून त्याने नायलॉनची दोरी लावली, कुसळी छान कापली, पण घाणेरीपुढे दोरीचे काही चालेना. शेवटी वाडीवरचे एक जोडपे आले, विळा आणि कोयता घेऊन. त्याने माळाच्या कडेने एक फेरी मारली, वाकून दोन-तीन ठिकाणी जमीन पाहिली आणि गोडाऊनच्या भिंतीपासून नाल्याकडे कापत जायचे ठरवले. कारण विचारले तर म्हणाला, “जनावराला जायला वाट ठेवायची.” तासाभराने घोणसाची कात सापडली, हातभर लांब, गवताच्या बुडाशी गुंतलेली. ती त्याने काठीने उचलून बाजूला ठेवली आणि पुढचा अर्धा तास प्रत्येक पावलाआधी कोयत्याने जमीन ठोकत गेला. घाणेरीच्या जाळीत मुनियाचे गोल घरटे होते, रिकामे. तरी ती जाळी त्याने सगळ्यात शेवटी तोडली.

त्याची बायको आधी कापायला लागलीच नाही. तिने कमरेचा पदर खोचला, एक जुने फडके पसरले आणि टाकळ्याच्या वाळक्या शेंगा ओरबाडून त्यात टाकू लागली. टाकळ्याच्या बियांना बाजारात व्यापारी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ती शेंगा मुठीत धरून चोळायची, फुंकर घालायची आणि तळहातावर तपकिरी, चकचकीत, तिरके कापल्यासारखे दाणे उरायचे. माझ्या साडेअठ्ठावीस गुंठ्यांत पैसा देणारी एवढी एकच वस्तू होती आणि ती तिला दिसली. आजोबांना गवत पैसे देत होते, मला ते पैसे मागत होते. दोघांनी सांगितली ती मजुरी मी दिली, घासाघीस केली नाही. ५०० पौंडांचे अडीच रुपये डोक्यात असताना करवली नसती.

गवताखालून जे निघाले त्याचा ढीग वेगळा झाला. दारूच्या बाटल्या, फुटक्या काचा, गुटख्याच्या पुड्या, थर्मोकोल, खोक्यांना आवळायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, यंत्रमागाच्या चिंध्या, कोणाच्या तरी देवघरातले निर्माल्य गाठ मारलेल्या पिशवीत. सात गोण्या भरल्या. दुपारच्या उन्हात काचेचा तुकडा डोळ्यात चमकला की मला ती आग आठवायची.

मग खरा प्रश्न आला. कापलेले गवत घालायचे कुठे? मी भाबडेपणाने काकींना म्हटले, म्हशीला घाला. त्यांनी एक पेंढी उचलली, सोडली, बोटांनी चाळली आणि त्यातून काचेची एक कपची काढून माझ्या हातावर ठेवली. काही बोलायची गरज नव्हती. कापणारा म्हणाला, “पेटवून देऊ ताई, तासात मोकळं.” बहुतेक मालक इथेच चुकतात. आग लागू नये म्हणून गवत कापायचे आणि मग त्याचा ढीग करून काडी लावायची. धूर गावाने खायचा आणि ठिणगी शेजाऱ्याने सांभाळायची. कापून तिथेच पसरून ठेवले तरी निभत नाही, उभ्या गवताऐवजी आडवे गवत जळते एवढेच.

तोड काकींनीच काढली. नाल्याच्या बाजूला जुना खड्डा होता, माती काढून नेलेला. त्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “राबासारका रचा. पेटवू नका, पानी मारा.” तसेच केले. खाली त्यांच्या गोठ्यातले शेण, त्यावर रानमोडीच्या बारीक केलेल्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर माती, पुन्हा शेण. प्रत्येक थराला बादली. पाच दिवसांचे कापलेले सगळे त्यात मावले, नुसते पायाने तुडवून. घाणेरीची मुळे मात्र वेगळी वाळवली, कारण नुसते वरून छाटले तर ती पावसात दुप्पट फुटते, ती कुदळीने खणावीच लागते. काकींच्या बाजूला आणि गोडाऊनच्या बाजूला दहा हात रुंदीचा पट्टा पार मातीपर्यंत खरवडला. बाकी माळावर घोट्याएवढे खुंट ठेवले, नाहीतर पहिल्याच पावसात माती नाल्यात गेली असती. पुढच्या फाल्गुनात त्या खरवडलेल्या पट्ट्यावर टिटवीने अंडी घातली, चार, खड्यांसारखीच दिसणारी. काकींचा नातू तिथे काठी रोवून कोणाला जाऊ देत नव्हता.

यंदा दुसरी खेप. तेच जोडपे, त्याच्या हातात नवा कोयता. खड्ड्यातले गेल्या वर्षीचे काळे, भुसभुशीत खत काकींनी अळवाच्या वाफ्याला घातलेय. उडवीही पुन्हा रचली आहे, पण आता घराच्या पुढच्या अंगाला. ती मागे आणा असे मी त्यांना अजून म्हणू शकलेले नाही, आणि त्यांनीही विषय काढलेला नाही. पश्चिमेच्या तुकड्यावर मात्र गवत तसेच आहे, माणूस बुडेल एवढे. तिथे एक गंजलेली पाटी आहे, ‘विकणे आहे’, खाली नंबर. तो नंबर मी चार वेळा लावला, लागत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, शिक्का मारून पोच घेतलीय.

परवा सकाळी तो पश्चिमेच्या कडेला पोचला आणि हद्दीच्या दगडापाशी थांबला. विळा कमरेला लावून, कपाळ पुसत त्याने माझ्याकडे पाहिले. “ताई, दगडाच्या पुढं कापू का?” जमीन माझी नाही, मालकाला विचारलेले नाही, उद्या कोणी येऊन जाब विचारला तर काय सांगायचे, हे सगळे मनात एकदम आले. “दहा हात काप,” मी म्हटले. तोवर त्याची बायको केव्हाच दगडापलीकडे गेली होती. उंच गवतात तिचे नुसते डोके दिसत होते, आणि टाकळ्याच्या शेंगा फडक्यात पडल्याचा सुका आवाज येत होता.